शिजवलेली धाबळी

अर्धी चिंच फोडून झाली होती, अर्धी ओसरीत गोणपाटावर तशीच पडलेली होती, आणि आत्याबाई मधेच उठल्या. हातातला दगड बाजूला ठेवला, लुगडं झटकलं आणि दोन्ही हातांनी चिंचोके ओढून एका जागी गोळा करू लागल्या. चिंचेचा गर उघडाच राहिला. त्यावर माशा बसायला लागल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, आधी गर तर झाका. चिंचोके काय पळून चाललेत?"

"गर तू झाक. मला हे निवडून घेऊ दे. किडका एक बी जायला नको."

आमच्या घरात चिंचोके कधी कोणी निवडले नव्हते. पोरं खेळायला घेत, बाकीचे उकिरड्यावर जात. गेल्या चैतापासून मात्र आत्याबाई एक चिंचोका वाया जाऊ देत नाहीत. शेजारच्या घरी चिंच फोडायला बसल्या तरी येताना पदरात चिंचोके बांधून आणतात. बाया तोंडाला पदर लावून हसतात. ज्याला मागचं ठाऊक नाही त्याला हे वेडच वाटेल. म्हणून देवपूजा, जेवणंखाणं आटोपल्यावर दुपारी ही वही उघडून मी आत्याबाईंची हकिकत लिहायला घेतली. त्यांना सांगूनच घेतली.

"लिही की," त्या म्हणाल्या. "पण मी धाबळी शिजवली ते लिहू नको."

"मंग लिहू काय? तेच तर लिहायचंय."

"मंग लिही बाई. देवाला तर ठाऊकच हाये."

आत्याबाई म्हणजे आमच्या घरच्यांच्या आत्या, गोजरबाई. त्यांना भोकरदनकडं दिलं होतं. नवरा लवकर गेला, तेव्हा पाच वर्षांची लेक, सगुणा, कडेवर घेऊन त्या माहेरी आल्या. गाव आमचं जांबेपासून दोन कोसांवर. घरी शेती, मळ्यात विहीर. पोर इथं रमली. नऊ वर्षांची झाली आणि पटकीच्या साथीत एका रात्रीत गेली. मी तेव्हा या घरात आले नव्हते. मला हे सारं ऐकूनच ठाऊक.

त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या म्हस्कू धनगराच्या मेंढ्या आमच्या मळ्यात बसलेल्या होत्या. उन्हाळ्यात रान मोकळं झालं की शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, आणि धनगराला त्याबद्दल धान्य देतात. त्यांची माणसं आमच्याच विहिरीचं पाणी प्यायची. साथ आली तेव्हा चावडीवर कोणीतरी म्हणालं की मेंढ्यांबरोबर आली. कोण म्हणालं, ते आज कोणाला सांगता येत नाही. पण आत्याबाईंना ते पटलं. लेक गेलेली आई, तिला कोणाचं तरी नाव हवं होतं.

तेव्हापासून अठरा वर्षं आमच्या मळ्यात मेंढी बसली नाही. शेजारच्या रानात ज्वारी डोक्याएवढी व्हायची, आमची छातीला लागायची, तरी आत्याबाईंपुढं कोणी विषय काढत नसे. वाटेनं मेंढ्यांचा कळप आला तर त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहत. दारात धनगराची बाई आली तर ती गेल्यावर उंबरा धुवून काढत. तशा आत्याबाई दुष्ट नाहीत. भिकारी आमच्या दारातून कधी उपाशी गेला नाही. म्हणून तर मला नवल वाटायचं, की एवढ्या मायाळू माणसात एवढी एकच जागा अशी दगडासारखी कशी.

लेकीमागून दोन वर्षांनी त्यांनी जांबेच्या रामदासी बुवांचा अनुग्रह घेतला. आमच्यात सोवळ्याओवळ्याचं एवढं कडक नाही. पण बुवांनी सांगितलं की देवाचा स्वयंपाक लोकरीची धाबळी नेसूनच करायचा, आणि आत्याबाईंनी ते अक्षरशः धरलं. गावच्या राममंदिरात रामनवमीचा नैवेद्य त्यांच्या हातचा जाऊ लागला. सोळा वर्षं गेला. वर्षभर त्या त्या एका दिवसासाठी जगत असं म्हटलं तरी चालेल. एकदा मला म्हणाल्या होत्या, "सगुणेचं ताट वाढायचं राह्यलं ते मी रामाला वाढते."

आता गेल्या वर्षीची गोष्ट. म्हणजे निजाम सरकारचं फसली साल १३४७.

माघात चुलीची ठिणगी उडाली आणि धाबळीला हाताएवढं भोक पडलं. जळकं वस्त्र नेसून नैवेद्य होत नाही. माझे धाकटे दीर बद्रीनाथ अंबडला गेले होते, त्यांना नवी आणायला सांगितलं. त्यांनी आणली. पांढरीशुभ्र, काठाला काळी रेघ. आत्याबाईंनी हात फिरवून पाहिला, खांद्यावर टाकून पाहिली, हसल्या. तेवढ्यात भावजी म्हणाले,

"दुकानात माल सरला व्हता, आत्या. मंग येताना सरळ म्हस्कूच्या मागावरूनच घेऊन आलो. बिलकुल ताजी हाये."

"कोणच्या म्हस्कूच्या?"

"ओढ्यापलीकडच्या की. त्यो धनगर."

आत्याबाईंच्या खांद्यावरून धाबळी खाली आली. आपण काय बोलून बसलो हे भावजींच्या ध्यानात आलं तेव्हा ते गोठ्यात निघून गेले. गोठ्यात काहीच काम नव्हतं.

धाबळी परत पाठवावी तर नवमी बावीस दिवसांवर आलेली. दुकानात माल नाही. रात्रभर त्यांनी काय विचार केला कोण जाणे, सकाळी मोठा हंडा चुलीवर चढवला. पाण्यात चाळलेली राख टाकली, गोमूत्र टाकलं, वर तुळशीची पानं, आणि त्यात धाबळी बुडवली.

"आत्याबाई, लोकर हाये ती," मी भीतभीत म्हटलं.

"हाये तर हाये. त्या लोकांचा हात निघाला पाहिजे हिच्यातून."

उकळ आली. त्यांनी धाबळी काढली, दगडावर धोपटण्यानं बडवली, पिळली, पुन्हा हंड्यात घातली. असं तीनदा केलं. घाम पुसत होत्या आणि तोंडानं रामनाम चालू होतं. मग अंगणात वाळत टाकली.

दुपारी उतरवायला गेलो तर दोरीवर भलतंच काहीतरी लटकत होतं. जाड, कडक, नमद्यासारखं. आत्याबाईंनी कमरेला लावून पाहिलं. निम्म्याच कमरेला पुरलं. त्यांनी उलटवून काठ पाहिला. रेघ तीच, काळी. मग मला म्हणाल्या,

"द्वारके, ही दुसरीच हाये का गं?"

मला हसू आवरेना आणि हसायची सोय नव्हती.

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर. रामरावांच्या झुंबरबाई मंदिरात भेटल्या तेव्हा गोड आवाजात म्हणाल्या, "गोजरबाई, आता वय झालं तुमचं. यंदा नैवेद्य आमच्याकडून जाऊ द्या. माझ्याकडं रेशमी मुकटा हाये." पुजाऱ्यानंही मान हलवली. नवमीपर्यंत धाबळी झाली तर ठीक, नाहीतर मान झुंबरबाईंकडं. आणि एकदा गेलेला मान परत येत नसतो, हे आत्याबाईंनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी ती आटलेली धाबळी काखेत मारून म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"ओढ्यापलीकडं. बोलायचं तू. मी झाडाखाली हुबी राहीन."

धनगरवाड्यावर पाचसहा घरं. म्हस्कूच्या घरापुढं छपरात माग, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून म्हस्कू विणत बसलेला. त्याची बायको गोपिकाबाई आत्याबाईंच्याच वयाची, उंच, कपाळावर गोंदण. आत्याबाई लांब लिंबाखाली थांबल्या. मी धाबळी पुढं केली. गोपिकाबाईनं ती हातात घेतली, वास घेतला आणि अशी हसली की छपरातली कोंबडी उडाली.

"आवो, वर या! तुमची धाबळी शिजवून आणली बघा. मीठमिरची तेवढी राह्यली!"

म्हस्कू वर आला. तो हसला नाही. त्यानं धाबळी उलटीपालटी केली, अंगठ्यानं काठ चोळला. "नऊ दिस लागले व्हते हिला," एवढंच म्हणाला आणि पुन्हा खड्ड्यात उतरला. मला लाज वाटली. लिंबाखाली आत्याबाईंनीही ते ऐकलं असावं, कारण त्यांनी पदर पुढं ओढला.

"दुसरी व्हईल का विचार," त्या तिथूनच म्हणाल्या.

गोपिकाबाईही माझ्याकडंच बघून म्हणाली, "त्यांना सांगा, सून बाळंतीण पडली, हात कमी हायेत. पांढरी लोकर निवडायला अन खळीचे चिंचोके दळायला माणूस द्या. मंग नवमीच्या आत देतो."

"कोणाला पाठवू?" मी आत्याबाईंना विचारलं.

देवाच्या वस्त्राला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना चालला नसता. "मीच येते," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी गोपिकाबाईनं लोकरीची पाटी लिंब आणि घर यांच्या मधोमध ठेवली आणि मागं सरली. आत्याबाई पुढं गेल्या, पाटी उचलून झाडाखाली आणली. काळ्या लोकरीतून पांढरी वेगळी करायची. काळीच जास्त, पांढरी थोडी. दिवसभर कोणी कोणाशी बोललं नाही असं म्हणावं तर खोटं होईल, कारण दोघी माझ्याशी बोलत होत्या.

पण आत्याबाईंचा एक स्वभाव आहे. कोणतंही काम डोळ्यापुढं चाललेलं असलं की ते कसं होतं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "विचार गं, कातरायच्या आधी मेंढ्या धुतात का?" चौथ्या दिवशी लिंबाची सावली सरकली आणि तिच्याबरोबर त्याही सरकल्या. पाचव्या दिवशी छपराच्या कडेला बसून म्हस्कूच्या हातातला धोटा इकडून तिकडं कसा जातो ते मान वळवून वळवून बघत होत्या. मला मधे घालायचं त्या विसरूनच गेल्या.

"कातरल्यावर थंडी वाजत न्हाई का त्यांला?"

"वाजती की. म्हणून तर थंडी सरल्यावर कातरायचं."

"अन एवढ्या मेंढ्या, वळखता कशा?"

"नावानं. तुमी बैलाला नाव ठिवता, मंग मेंढीनं काय घोडं मारलं? ती बघा, ती लंगडी, तिचं नाव पाटलीण."

आत्याबाईंनी गोपिकाबाईकडं रोखून बघितलं. मला वाटलं झालं, आता उठतात. पण त्या म्हणाल्या, "लंगडी पाटलीण? लोकर तर बरी हाये तिची," आणि पुन्हा पाटीत हात घातला.

एक दिवस त्यांनी विचारलं, "तुझा नवरा रोज सकाळी एवढा उशिरा का बसतो मागावर?"

"अंघोळ केल्याबिगर बसत न्हाई. मागाच्या पाया पडल्याबिगर बी न्हाई. पायताण घालून तर कोणालाच उतरू देत न्हाई खड्ड्यात."

"म्हणजे सोवळंच की हे!"

"आमी त्याला काय म्हणत न्हाई, बाई. आमी तसं करतो."

घरी येताना आत्याबाई त्या दिवशी फार हळू चालत होत्या.

मग खळीचा दिवस आला. चिंचोके भाजून, टरफल काढून, आत्याबाईंनी आपल्या जात्यावर पीठ काढलं होतं. ते पाण्यात शिजवून त्याची खळ करतात आणि कुंच्यानं धाबळीला लावतात, म्हणजे अंग धरते. आत्याबाई पीठ घेऊन आल्या आणि बरोबर मळ्याच्या विहिरीची भरलेली तांब्याची घागरही. अर्धा कोस डोक्यावर आणली. मला हात लावू दिला नाही.

"खळीत हेच पाणी घाल," त्या गोपिकाबाईला म्हणाल्या. "नैवेद्याची धाबळी हाये."

"कुठलं पाणी?"

"आमच्या मळ्याच्या हिरीचं."

गोपिकाबाई ताठ उभी राहिली. तिचा चेहरा आधी मी असा पाहिला नव्हता. "ते पाणी माझ्या मागाला लागणार न्हाई," ती म्हणाली.

आत्याबाईंना कळेचना. "आमच्या पाण्याला? आमच्या पाण्याला काय झालं?"

"अठरा सालं झाली, त्या हिरीचं पाणी वाड्यावर कोणी पीत न्हाई. तुमच्या मळ्यात बसलो अन ते पाणी पेलो, तर आठ दिसात आमचे तीन गेले. माझा आबा पयला. सात वर्साचा व्हता. तुमच्या गावानं दिली आमाला पटकी."

"खोटं! तुम्ही आणली ती!"

"आमी? आमी गोदाकाठून धडधाकट आल्तो! चारशे मेंढ्या हाकत आल्तो!"

म्हस्कूचा माग थांबला. आता आत्याबाई तोंडाला येईल ते बोलतील असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"तुझा आबा कोणच्या दिवशी गेला?"

"आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. का?"

"सगुणा आखाजीला गेली." आत्याबाई म्हणाल्या, "दिवे लागताना."

"आबा बी दिवे लागतानाच," गोपिकाबाई म्हणाली.

अक्षय्य तृतीया आणि तिचा दुसरा दिवस, एक दिवसाचं अंतर. दोघींनी मनात काय हिशोब केला असेल तो मीही केला, आणि माझ्या हाती काही लागलं नाही. कोणी कोणाला दिली, ते विहिरीलाच ठाऊक. घागर मधेच होती. तिच्याकडं कोणी बघत नव्हतं.

आत्याबाई म्हस्कूकडं वळून म्हणाल्या, "अंबडच्या दुकानात धाबळ्या कोण देतं?"

"मीच. इकडं दुसरा माग कुठाय?"

"आधीपास्नं?"

"बापापास्नं."

"अन त्यांच्या खळीला पाणी?"

त्यानं दाराजवळच्या रांजणाकडं बोट दाखवलं.

आत्याबाईंनी घागर लिंबाच्या मुळाशी ओतली आणि रिकामी घेऊन घरी आल्या. जेवल्या नाहीत. देवघरापुढं बसून राहिल्या. मी दिवा लावायला गेले तेव्हा म्हणाल्या, "द्वारके, सोळा वर्षं मी रामाला जेवू घातलं. त्यानं घेतलं असंल का गं?"

"घेतलंच असंल, आत्याबाई."

"मंग त्या धाबळ्यांत तिच्या रांजणाचं पाणी व्हतं. त्यानं न्हाई विटाळ मानला. अन न्हाई घेतलं म्हणावं, तर सोळा वर्षं मी काय करत बसले?"

मी वात सारून दिवा लावला. उत्तर त्यांना माझ्याकडून नकोच होतं.

सकाळी त्या मोकळ्या हातांनी निघाल्या. वाड्यावर पोचल्यावर लिंबाखाली थांबल्या नाहीत. सरळ दारात गेल्या. गोपिकाबाई चूल पेटवत होती.

"गोपिकाबाई, तुझंच पाणी घाल खळीत. नेसत आले ते तेच हाये."

तिनं रांजणातून पाणी काढलं, पातेल्यात ओतलं, पीठ कालवलं. आत्याबाई पळीनं ढवळत बसल्या. चैताचं ऊन, त्यात चुलीचा जाळ. तोंड लाल झालं त्यांचं. मग त्या खाली बघूनच म्हणाल्या,

"मला बी दे तांब्याभर."

गोपिकाबाईनं तांब्या भरला, पण पुढं करेना. "पुन्हा घरी जाऊन स्वतःला शिजवून घ्याल, बाई."

आत्याबाई हसल्या. मग डोळे पुसले. धुराचे असतील किंवा नसतील. तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला.

धाबळी नवमीच्या दोन दिवस आधी मिळाली. आत्याबाईंनी ती नेसून पुरणाचा नैवेद्य केला आणि ठरल्या वेळी मंदिरात नेला. झुंबरबाई तिथं टपूनच होत्या. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन चार बायांत म्हणाल्या, "धनगराचं पाणी लागलंय म्हणं यंदा धाबळीला?"

"यंदा न्हाई, झुंबर. सोळा वर्षं लागलंय," आत्याबाई म्हणाल्या. "तू दरसाल दोन द्रोण खातीस, म्हणून तुला आधी सांगते."

द्रोण झुंबरबाईंच्या हातातच राहिला. टाकावा तर प्रसाद. खाल्ला त्यांनी.

दुपारी आम्ही प्रसाद घेऊन वाड्यावर गेलो. गोपिकाबाईची सून आसराबाई लेकराला घेऊन दारात बसली होती. लेकरू कशात गुंडाळलेलं होतं ते मी नीट बघितलं. जाड, पांढरं, काठाला काळी रेघ.

"फेकायची कशाला?" गोपिकाबाई म्हणाली. "तुमी एवढी शुद्ध केलेली. लेकराला ऊब लई देती."

तिनं पुरणपोळी खाल्ली, वाखाणली. आम्ही येताना विहिरीवरून भरून घेतलेला तांब्याही आत्याबाईंनी पुढं ठेवला होता. गोपिकाबाईनं त्याच्याकडं बघितलं, आणि उठून आपल्या रांजणातलं पाणी प्याली. आत्याबाईंनी ते पाहिलं. वाटेत मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "असू दे. मला अठरा वर्षं लागली. तिला काय जल्दी हाये?"

या माघात त्यांनी मळ्याची विहीर उपसून घेतली. गाळ काढला, काठ बांधला. गोपिकाबाई ओढ्याच्या अलीकडं येऊन ते काम बघून गेली असं भावजी सांगत होते. ती काठावर आली, वाकून पाणी बघितलं, आणि गेली. प्याली का, असं मी विचारलं. भावजींनी नीट पाहिलं नव्हतं. पुरुषांना अशा वेळी बघायचं सुचत नाही.

आखाजी जवळ आली आहे. आमचं रान मोकळं पडलं आहे. चिंचोके आता निवडून झाले. आत्याबाईंनी धडप्यात बांधून त्याची गाठ मारली. गर मीच झाकला, उरलेली चिंचही मीच फोडणार, हे दिसतंच आहे. त्या पायात वहाणा सरकवतायत. ओढ्यापलीकडं जाऊन चिंचोके गोपिकाबाईच्या घरी टाकायचे, आणि यंदा मेंढ्या आमच्या मळ्यात कधी बसवता ते विचारून यायचं.